खोल समुद्र मोहीम: पाणबुडीचं कौतुक पुरे, बोयांचं काय?

खाजणकर (धागाकर्ता)

२०२१च्या जूनमध्ये केंद्र सरकारने खोल समुद्र मोहिमेला मंजुरी दिली. पाच वर्षं, ४०७७ कोटी रुपये. त्यात समुद्रतळाचं खाणकाम आहे, हवामानबदलाचे अंदाज आहेत, जैवविविधता आहे, समुद्रातून वीज आणि गोडं पाणी काढणंही आहे. पण पेपरात फोटो येतो तो 'मत्स्य ६०००'चाच. तीन माणसांना सहा हजार मीटर खाली नेणारी पाणबुडी.

पाणबुडीला माझा विरोध नाही, तिला पहिल्या पंक्तीला बसवण्याला आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. वादळ किती जोर धरणार हे बरंचसं वरच्या शे-दीडशे मीटर पाण्यात किती ऊब साठली आहे यावर ठरतं. उपग्रहाला तापमान दिसतं ते फक्त पृष्ठभागाचं. खालचं कळायला पाण्यात उपकरण लागतं, म्हणजे तळाला नांगरलेले, वर तरंगणारे बोया आणि पाण्यात वर-खाली करत मोजमाप घेणारे आर्गो फ्लोट. बोया बिघडला की तिथवर जहाज न्यायचं, त्याला डिझेल, माणसं आणि हवामानाची उघडीप हवी. या कामात फीत कापायला काही नसतं, त्यामुळे त्याची बातमी होत नाही.

दुसरं म्हणजे वीज. आयआयटी मद्रासने केरळात विझिंजमला १९९१मध्ये लाटांवर चालणारं १५० किलोवॉटचं केंद्र उभं केलं, ते कधीच गुंडाळलं गेलं. तुतिकोरिनच्या बाजूला 'सागरशक्ती' बार्जवर पाण्याच्या तापमानातल्या फरकावर १ मेगावॉट काढायचा घाट घातला. त्याला किलोमीटरभर लांबीचा, मीटरभर व्यासाचा पाइप खोल पाण्यात उभा सोडायचा होता. तो बसवतानाच गेला. भरतीवरचे सुंदरबनातला दुर्गादुआनी आणि कच्छच्या आखातातला ५० मेगावॉटचा, हे दोन्ही प्रकल्प बारगळले. याउलट गरम-गार पाण्याच्या त्याच खेळातून लक्षद्वीपच्या कवरत्तीला २००५मध्ये गोडं पाणी मिळायला लागलं, दिवसाला एक लाख लिटर. पुढे मिनिकॉय आणि अगत्तीलाही तसेच संच बसले.

तेव्हा बोया आणि पाणी आधी, पाणबुडी नंतर, आणि लाटांवरची वीज तूर्तास नकोच. मतं येऊ द्या. 'तुम्हाला देशाचं कौतुक नाही' छापाचे प्रतिसाद आधीच पोचले असं समजावं.

टायटॅनियम

असहमत. सहा हजार मीटरवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६०० किलो भार येतो. त्यात २.१ मीटर व्यासाचा, ८० मिलिमीटर जाडीचा टायटॅनियमचा गोल टिकवायचा म्हणजे त्याच्या सांध्यात केसाएवढी खोट चालत नाही. ते इलेक्ट्रॉन बीम वेल्डिंग इस्रो करतेय. अशा कामासाठी तयार झालेली माणसं आणि यंत्रं पुढे दहा ठिकाणी वापरता येतात. असलं तंत्रज्ञान विकत मागायला गेलात तर कोणी देत नाही, दिलं तर जुनं देतात. २०२५च्या सुरुवातीला चेन्नईजवळ कट्टुपल्ली बंदरात पाण्यातल्या चाचण्या झाल्या. ऑगस्टमध्ये आपले दोन पाणबुडे अटलांटिकमध्ये फ्रान्सच्या 'नॉटील' पाणबुडीतून उतरले, एक चार हजार मीटरच्या खाली, दुसरा पाच हजारांच्या. हे सगळं तुम्ही 'फोटो' या एका शब्दात गुंडाळलंत.

खाजणकर

माणूस खाली पाठवून असं काय मिळतं जे दोरीला बांधलेल्या यंत्राला मिळत नाही? एनआयओटीचं, म्हणजे चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेचं, तळावर चालणारं 'वराह' २०२१मध्येच ५२७० मीटरवर फिरून आलं, आत कोणी बसलेलं नसताना.

टायटॅनियम

वराहाला दिवा दाखवाल तिकडेच दिसतं. आत बसलेला जीवशास्त्रज्ञ 'थांब, ते डावीकडे काय हललं' म्हणतो. जपान, फ्रान्स, चीन वेडे म्हणून माणसं पाठवत नाहीत.

अर्धाकप

दोघेही आपापल्या जागी बरोबर. वाखूसा (वाचनखूण साठवली).

दोनापावला

गोव्यातून लिहितोय. या विषयाचा इतिहास आमच्या दारातला आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, म्हणजे एनआयओ, १ जानेवारी १९६६ला सुरू झाली. तिच्याआधी आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली होती. संस्थेचं पहिलं संशोधन जहाज 'गवेषणी'. ते मुळात गाळ वाहायचा बार्ज म्हणून बांधायला घेतलं होतं. मधेच आराखडा बदलून त्यात प्रयोगशाळा बसवल्या. त्या जहाजाने जानेवारी १९८१मध्ये समुद्रतळावरचे मँगनीजचे गोटे वर काढले. त्या कामाच्या बळावर १९८७मध्ये भारताला 'आद्य गुंतवणूकदार' म्हणून मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र मिळालं. त्यातलं ७५ हजार आज आपल्याकडे आहे. कन्याकुमारीच्या दक्षिणेला दीड हजार किलोमीटरच्या पलीकडे, दुसऱ्या कोणत्याही देशाच्या हद्दीत नसलेलं. निकेल, कोबाल्ट, तांबं, मँगनीज असलेल्या ३८ कोटी टन गोट्यांचा सरकारी अंदाज आहे.

धागाकर्त्यांचा हिशेब त्या वेळी कोणी मांडला असता तर 'गवेषणी' गोट्यांच्या मागे गेलीच नसती. तेव्हाही मच्छीमार होते, वादळं होती, आणि पैसा आजच्याहून कमी होता. हक्क राखायचा तर तिथे जात राहावं लागतं. करार आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी आहे, मुदतवाढ मागताना काय काम केलंत ते दाखवावं लागतं.

खारफुटी

हक्काचं ठीक, पण खणणार का? तीसहून जास्त देश 'थांबा' म्हणताहेत. पेरूजवळ १९८९मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी तळावर नांगर फिरवून पाहिला, २०१५मध्ये परत गेले तर चरे तसेच. गोट्याची वाढ दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर. एकदा उचलला की आपल्या हिशेबी तो कायमचा गेला, आणि त्याला चिकटून जगणारे जीवही गेले. वर, निकेल-कोबाल्ट न लागणाऱ्या लोह-फॉस्फेट बॅटऱ्या गाड्यांत सर्रास आल्यात. ज्या धातूसाठी एवढा आटापिटा, त्याची गरज तोवर राहील का?

दोनापावला

जर्मनांचं सगळ्यांना ठाऊक असतं, आपलं नाही. १९९७मध्ये एनआयओनेच मध्य हिंदी महासागरात, पाच किलोमीटरहून खोल, मुद्दाम तळ ढवळून पाहिला आणि नंतर पुन्हा पुन्हा जाऊन नमुने घेतले. 'खणू नका' म्हणायलाही आधी खाली काय आहे ते माहीत हवं, आणि ते मोहिमेशिवाय कळत नाही. मी खणायच्या बाजूने नाही, जात राहायच्या बाजूने आहे.

खारफुटी

खणकामाच्या खात्यातून पगार घेणारा 'खणू नका' असा अहवाल देतो, हे एकदा बघायचंय.

उत्तरसमुद्र

स्कॉटलंडमधून. विजेबद्दल धागाकर्त्यांनी घाई केली आहे. इथे पेंटलंड फर्थमध्ये ६ मेगावॉटच्या पाणचक्क्या भरतीच्या प्रवाहावर वीज देताहेत. पण त्याआधी २००३मध्ये ऑर्कनी बेटांवर चाचणी केंद्र उभं राहिलं. समुद्रात जागा आखलेली, किनाऱ्यापर्यंत केबल टाकलेली, परवानग्या घेतलेल्या. तुम्ही फक्त यंत्र आणायचं आणि लावायचं. कित्येक कंपन्या तिथे बुडाल्या, पण जागा आणि केबल राहिली. आपल्याकडे प्रत्येक प्रकल्प जागा, केबल, परवानगी, पाइप सगळं स्वतःच करत बसतो आणि पाइप गेला की सगळंच जातं. विझिंजमला तेच झालं. केंद्र वाईट नव्हतं, त्याच्यामागून दुसरं कोणी आलं नाही.

खाजणकर

केबल टाकाल, लाट कुठून आणाल? आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र खवळलेला आणि डिसेंबर ते मार्च आरशासारखा. भरतीचंही तेच. मुंबईला उधाणाला जेवढी पातळी चढते-उतरते त्याच्या निम्मीही भांगाला, म्हणजे अष्टमीच्या लहान भरतीला, नसते, आणि बांध घालून वीज काढायची तर पातळी निम्मी झाली की वीज पाव होते. आपल्याकडे सगळ्यात मोठी भरती खंबातच्या आखातात, तिथे गाळ इतका की टर्बाइनपेक्षा ड्रेजर जास्त लागतील.

उत्तरसमुद्र

म्हणूनच लक्षद्वीप. तिथे स्पर्धा स्वस्त सौर विजेशी नाही, बोटीने आणलेल्या डिझेलशी आहे. आणि खोलातलं गार पाणी बारा महिने गार. तुम्ही ज्या कवरत्तीचं कौतुक केलंत तिथले पंप डिझेलच्या विजेवर चालतात. म्हणून तर आता तिथे ६५ किलोवॉटचा संच उभारताहेत, गोड्या पाण्याच्या पंपांना लागणारी वीज समुद्रानेच, त्याच गरम-गार फरकातून, द्यावी म्हणून. तुमचं 'पाणी हो, वीज नाही' त्या एका पाइपात मोडतं.

टायटॅनियम

😀 +१

हर्णैकर

इतका वेळ वाचत होतो. आम्ही मासेमारीतले, म्हणून दोन शब्द.

बोया लागतात, मान्य. पण ते मोडतात कसे हे कोणी लिहिलं नाही. बोयाखाली सावली, सावलीला मासा. बोटवाले येतात, दोरी बोयालाच बांधतात, रात्रभर जाळी मारतात. कोण सोलर पॅनल काढून नेतो. साहेब लोक म्हणतात 'जागृती करा'. जागृती कसली, त्या बोयाने आम्हाला काय दिलं ते कधी कोणी बंदरावर येऊन सांगितलं काय?

हैदराबादच्या इन्कॉइसचा, म्हणजे सरकारी समुद्रमाहिती केंद्राचा, मासा कुठे मिळेल याचा सल्ला येतो, तो चांगला आहे. पाण्याचं तापमान आणि हिरवटपणा उपग्रहावरून बघतात. पण आभाळ भरलं की सल्ला बंद. आणि ओखी वादळाच्या वेळी, २०१७ला, केरळ-तामिळनाडूच्या किती बोटी आमच्या देवगड बंदरात आसऱ्याला आल्या. वादळाचा निरोप त्यांना मिळालाच नव्हता, इतक्या लांब मोबाईलला रेंज नाही. नंतर उपग्रहावरून निरोप घेणारं यंत्र निघालं. ते फक्त ऐकतं, आपल्याला उलट सांगता येत नाही. बोट पलटी होत असेल तर ऐकून काय करू?

तुम्ही पाणबुडी का बोया यावर भांडताय. निरोप शेवटच्या बोटीपर्यंत नेण्याचा खर्च त्या ४०७७ कोटींत कुठे बसतो तेवढं सांगा.

खाजणकर

हर्णैकर, एक विचारतो. बोया राखायचं काम तुमच्याच सोसायट्यांना दिलं, महिन्याचे पैसे ठरवून, तर बोया टिकतील?

हर्णैकर

जवळचे टिकतील. लांबचे नाही, तिथे परराज्यातले ट्रॉलर असतात, ते आम्हालाच जुमानत नाहीत. आणि पैसे वेळेवर आले तर. सरकारी पैशांची वाट बघण्यात आमचे दोन हंगाम जातात.

टायटॅनियम

ही सूचना एकदम पटली. फक्त पैसे पाणबुडीतून काढू नका.

खाजणकर

मग कशातून काढायचे तेही लिहा.