पासवर्ड नाही म्हणजे परवानगी?
शेजाऱ्याने वायफायला पासवर्ड ठेवलाच नाही म्हणजे वापरायला परवानगीच, हे काही पटलं नाही बुवा. बऱ्याच जणांना राउटरचं सेटिंग कुठे असतं हेच माहीत नसतं. ब्रिटनमध्ये तर २००३ च्या कम्युनिकेशन्स अ‍ॅक्टचं कलम १२५ आहे, पैसे चुकवायच्या हेतूने लबाडीने नेट वापरलं तर सरळ गुन्हा. आणि ज्याचं वायफाय उघडं आहे त्याची वेगळीच पंचाईत, कोणी त्यावरून भलते उद्योग केले की आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे नेट जोडणीचा ओळख क्रमांक, त्याचाच सापडतो, पोलीस आधी त्याच्याच दारात. (मी एकदा आमच्या राउटरला जोडलेल्यांच्या यादीत अनोळखी फोन बघितला, तेव्हा कुठे डब्ल्यूपीए२, म्हणजे वायफायचं पासवर्डवालं कुलूप, लावलं!) त्यापेक्षा बेल वाजवून सांगा ना, काका तुमचं वायफाय उघडं आहे, मग ते म्हणाले वापर तर खुशाल वापरा.