पाळणाघराचा खर्च सरकारने उचलावा का? (ऐरोली–महापे–ठाणे)

ऐरोली_से८
खाजगी पाळणाघराची फी परवडत नाही म्हणून घरात पहिली नोकरी सुटते ती आईचीच. यात सरकारने पैसे घालावेत का? आणि थेट पालकांच्या खात्यात टाकले तर भागेल का? कायद्याने आज नेमकं काय मिळतं, हेही कुणी नीट सांगा.

कलम६७
५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करणं मालकावर बंधनकारक आहे. २०१७च्या दुरुस्तीने ते मातृत्व लाभ कायद्यात आलं, आता सामाजिक सुरक्षा संहितेच्या कलम ६७ मध्ये आहे. ५० मोजताना पुरुषही धरायचे. "आमच्याकडे बायका बाराच" हे एचआरचं उत्तर चालत नाही. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं, विश्रांतीची वेळ त्यातच धरून.

मुख्य म्हणजे संहितेत सामायिक पाळणाघर चालतं. टीटीसी एमआयडीसीतल्या (ठाणे–नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यातल्या) चार-पाच कंपन्यांनी मिळून एक चालवलं किंवा पालिकेचं वापरलं तरी चालेल. मागणी मात्र लेखी करा, तोंडी विचारल्याची नोंद कुठेच राहत नाही. आता ३० माणसांचं वर्कशॉप, घरकाम करणाऱ्या बायका, भाजीवाल्या, हे सगळे या पाळणाघराच्या अटीबाहेरच. सरकारी पैसा लागतो तो त्यांच्यासाठी.

अंगणवाडीताई
सरकारी पैसा अगदीच नाही असं नाही. केंद्राच्या महिलांसाठीच्या मिशन शक्तीतली 'पालना' ही पाळणाघर योजना १ एप्रिल २०२२ पासून आहे. वय ६ महिने ते ६ वर्षे, एका केंद्रात २५ मुलं, महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास. केंद्र ६०, राज्य ४० टक्के. अंगणवाडीला जोडलेल्या पाळणाघरात सेविकेला ५,५०० आणि मदतनिसाला ३,००० रुपये मानधन. म्हणजे मनुष्यबळावर मुलामागे महिना ३४० रुपये!

अडतं ते इथेच. साडेनऊला उघडलेलं केंद्र पाचला बंद. महाप्याहून सहाला सुटलेली आई ठाण्यात पोचेपर्यंत सात वाजतात, मधले दोन तास मूल कुणाकडे? आणि ५,५०० वर पूर्ण दिवस राबण्यापेक्षा चार घरच्या पोळ्या लाटणं परवडतं, म्हणून सेविका टिकत नाहीत. दहा महिन्यांचं मूल नव्या चेहऱ्याकडे जेवत नाही, झोपत नाही. मग पालकच मूल पाठवणं थांबवतात, आणि वर अहवालात येतं "प्रतिसाद अल्प".

हिशेबनीस
खात्यात पैसे टाकायला माझा विरोध. पाळणाघरांतल्या जागा तेवढ्याच राहिल्या तर फी वाढते आणि अनुदान पाळणाघर चालवणाऱ्याच्या खिशात जातं. पैसे केंद्राला द्या, पगार आणि वेळेच्या अटीवर.

ढोबळ हिशेब मांडतो, आकडे माझे. २५ मुलं, त्यातली १० तीन वर्षांखालची. पाळणाघरांसाठीच्या २०१८च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लहानांत दहामागे एक, मोठ्यांत विसामागे एक, म्हणजे एका वेळी दोन सेविका. सकाळी ८ ते संध्याकाळी ७ उघडं ठेवायचं तर ८ ते ४ आणि ११ ते ७ अशा पाळ्या, एकूण चार जणी. प्रत्येकी १५,००० धरले तर ६०,०००. दोन अर्धवेळ मदतनीस मिळून १२,०००. जेवण-दूध मुलामागे रोज ३० रुपये, २६ दिवसांचे १९,५००. एकूण ९१,५००, मुलामागे ३,६६०. पालकांकडून उत्पन्नानुसार ५०० ते १,५०० घ्या, बाकी राज्य आणि पालिका.

यात भाडं नाही, मुद्दाम. इथल्या भाड्याने सगळा हिशेब कोलमडतो. पालिका शाळांच्या तळमजल्यावरच्या रिकाम्या वर्गखोल्याच घ्याव्या लागतील.

ऐरोली_से८
पण मग कंपन्या म्हणतील, पालिकेचं आहे ना, आम्ही कशाला काढू?

कलम६७
म्हणतीलच. म्हणून ५० वरच्या कंपनीला पालिकेच्या केंद्रात जागा हवी असेल तर मुलामागे पूर्ण ३,६६० कंपनीकडूनच घ्यायचे. अनुदान फक्त बाकीच्यांना.