तालुक्याच्या गावी हरित इमारतीचे मानांकन परवडते का?

प्रश्न (दारव्हेकर): यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझी 20 आर अकृषक जमीन असून, तिच्यावर खाली दुकाने आणि वर सदनिका बांधण्याचा विचार आहे. हरित मानांकनावर वाढीव चटई क्षेत्र, म्हणजे भूखंडावर बांधता येणारे जास्तीचे क्षेत्र मिळते, असे एका सल्लागाराने सांगितले आणि त्याच दमात स्वतःची फीही सांगितली. नियम नेमका काय आहे?

उत्तर (नकाशेवाला): राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ग्रिहा किंवा आयजीबीसी (हरित इमारतींना मानांकन देणाऱ्या दोन व्यवस्था) यांपैकी ग्रिहाचे तीन तारे किंवा आयजीबीसीचे सिल्व्हर मिळाल्यास मूळ चटई क्षेत्राच्या 3 टक्के, चार तारे किंवा गोल्ड असल्यास 5 टक्के आणि पाच तारे किंवा प्लॅटिनम असल्यास 7 टक्के वाढीव क्षेत्र मिळते. मूळ निर्देशांक (भूखंडाच्या किती पट बांधता येते तो आकडा) 1.1 धरला, तर आपल्या 2,000 चौरस मीटरवर 2,200 चौरस मीटर बसतात. म्हणजे वाढ अनुक्रमे 66, 110 आणि 154 चौरस मीटरची. हा लाभ पूर्व-प्रमाणपत्रावर, म्हणजे बांधकामाआधी आराखडा पाहून दिलेल्या मानांकनावर, आधीच हाती पडतो, पण भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्याची परवानगी) घेण्याच्या वेळी कबूल केलेले मानांकन गाठले नाही, तर कमी पडलेल्या क्षेत्रावर रेडीरेकनरमधील (सरकारी दरपत्रकातील) जमिनीच्या दराच्या दुप्पट दंड बसतो. प्लॅटिनम सांगून गोल्डवर थांबलात, तर तो 44 चौरस मीटरवर मोजला जाईल.

उत्तर (विटाभट्टी): हिशेब बरोबर आहे, परंतु आपल्याकडे सामासिक अंतरे (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) आणि पार्किंग सोडून मूळचेच क्षेत्र संपत नाही, तिथे वरचे 110 चौरस मीटर घेऊन करायचे काय? माझ्या एका कामात गोल्ड ठरवले होते. राखेच्या विटा वापरल्याही होत्या, कारण चंद्रपूर आणि कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रांची राख आपल्याला जवळच पडते. मात्र पुरवठादाराने सगळा माल कच्च्या पावतीवर दिला आणि तपासणीत त्या विटांसाठीचे मानांकनाचे गुण गेले. पक्के बिल आणि चाचणीचा कागद गाडी उतरतानाच घ्यावा. मानांकन असो वा नसो, मे महिन्यात ज्या स्लॅबवर अनवाणी पाय ठेववत नाही, त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा थर जरूर द्यावा.

प्रश्नकर्ता: सल्लागार ग्रिहाच्या पाच ताऱ्यांबद्दल बोलत होता.

नकाशेवाला: 2,500 चौरस मीटरपेक्षा लहान बांधकामासाठी ग्रिहाचीच स्वग्रिहा ही वेगळी पद्धत आहे आणि आपले बांधकाम त्यातच बसते. ती वाढीव क्षेत्रासाठी ग्राह्य धरली जाईल काय, हे नगर परिषदेकडून लेखी घ्यावे आणि मगच फीचा धनादेश लिहावा.