पहिली फुल मॅरेथॉन, सिकलसेल रुग्णांसाठी निधी: नागपुरात तयारी कशी करावी?

प्रश्न – मानेवाडा_पहाट
जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये ४२.१९५ किमी धावून विदर्भातल्या सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) रुग्णांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला निधी मिळवून द्यायचा आहे. वय ३८. सध्या आठवड्यातून तीनदा फुटाळा तलावावर ५ किमी धावते, ३५ मिनिटं लागतात. जून ते जानेवारी एवढा वेळ हाती आहे. अंतर कसं वाढवू? इथल्या उकाड्यात पाणी किती प्यावं? आणि काही जण "दर किलोमीटरला १०० रुपये देतो" म्हणताहेत, ते मान्य करावं का?

उत्तर – सेमिनरी_हिल्स
ताई, वेळ पुरेसा आहे, फक्त घाई नको. तुमच्या ३५ मिनिटांवरून लांब रनचा वेग किमीला साधारण ८ मिनिटं येतो. त्याच वेगात शर्यत सुमारे ५ तास ४० मिनिटांत होते. धावताना धाप न लागता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर वेग कमी करा, घड्याळ काहीही सांगो.

आठवड्यात चार दिवस धावा: तीन सोपे, रविवारी लांब. लांब रन ऑगस्टअखेर १२, सप्टेंबरअखेर १६, ऑक्टोबरअखेर २१, नोव्हेंबरअखेर २६ किमी. मग शर्यतीच्या तीन आठवडे आधी एकदाच ३०. दर चौथ्या रविवारी अंतर एक तृतीयांशाने कमी करा, हाडं आणि स्नायू भरून येतात ते तेव्हाच. ३० च्या पुढे जाऊ नका. तुमच्या वेगाने तिथेच चार तास होतात, त्यापुढे फायदा थोडा आणि दुखापतीची भीती मोठी. शेवटचे दोन रविवार २० आणि १२.

ऑक्टोबरपासून आठवड्यातून एकदा सेमिनरी हिल्सचा चढ घ्या. मुंबईत पेडर रोडचा चढ पाय थकल्यावर लागतो. इथली डिसेंबरची पहाट कोरडी आणि गार, मुंबईची जानेवारीतही दमट. म्हणून पहिले १० किमी सरावापेक्षा किमीमागे १५-२० सेकंद हळू जा.

रस्ता कडेला उतरता असतो. रोज एकाच बाजूने धावलं की एक पाय कायम खाली पडतो आणि गुडघ्याची बाहेरची बाजू धरते. बागेतल्या किंवा तलावाकाठच्या सपाट वाटेवर निम्मे रन करा.

नडगी लांबपर्यंत दुखत असेल तर आठवडाभर अंतर निम्म्यावर आणा. पण एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, त्या पायावर उडी मारताना कळ येत असेल, तर धावणं त्याच दिवशी बंद आणि अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. हाडाला बारीक चीर असू शकते.

उत्तर – ओआरएस_आधी
पाण्याचं गणित ज्याचं त्याने काढायचं असतं. तासभर धावण्याआधी आणि नंतर घाम पुसून वजन करा. ६० किलोचं ५९.२ झालं आणि मध्ये ३०० मिली प्यायलात, तर घाम गेला सुमारे १.१ लिटर. त्याच्या दोन तृतीयांश, म्हणजे तासाला ७०० मिली, घोटाघोटाने प्या. ऑक्टोबर हीटमध्ये आणि डिसेंबरात पुन्हा मोजा, आकडे बदलतात.

धावून वजन वाढलं असेल तर पाणी जास्त झालं. नुसतं पाणी पीत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं: मळमळ, डोकं जड, बोटातली अंगठी घट्ट, मग भान हरपणं. हे जिवावर बेतू शकतं. दीड तासापुढच्या रनला ओआरएस ठेवा, पण पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. लिटरची पुडी अर्ध्या लिटरमध्ये कालवली की पोट बिघडतं. धावताना आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेऊ नका, मूत्रपिंडावर ताण येतो.

खाणं: पाऊण तासापासून सुरू करून तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एक केळं म्हणजे साधारण २५. संत्र्याच्या फोडी तोंडाला छान लागतात, पण अख्ख्या संत्र्यात १५ ग्रॅमच. शर्यतीत जे खाणार तेच रविवारी खा.

उत्तर – धंतोली_हिशेब
किलोमीटरवर पैसे अजिबात घेऊ नका. ३०व्या किलोमीटरला पाय दुखावला तर "आणखी बारा किमीचे रुग्णांचे पैसे बुडतील" म्हणून तुम्ही ओढत राहाल. रक्कम ठरावीक, शर्यत पूर्ण होवो न होवो.

पैसा स्वतःच्या यूपीआयवर नको, थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. तुमच्या नावाने गेला तर देणगीदाराला त्याच्या नावाची करसवलतीची पावती मिळत नाही. देणगीदाराचा पॅन आधीच मागा. रोख २,००० रुपयांच्या वर असेल तर करसवलत नाही, आणि सवलत जुनी करप्रणाली निवडणाऱ्यालाच. प्रवेश शुल्क, तिकीट, बूट तुमच्या खिशातून, आणि हे निवेदनात स्पष्ट लिहा. या शर्यतीच्या निधीचं काम युनायटेड वे मुंबई पाहते, तुमची संस्था तिथे नोंदलेली आहे का ते आताच विचारा.

ग्रुपवर एक मेसेज टाकून पैसे येत नाहीत. एकेकाला फोन करा, आकडा सांगा, आणि तेवढ्यात रुग्णाचं नेमकं काय होतं ते संस्थेकडून विचारून घेऊन सांगा.

मानेवाडा_पहाट
किलोमीटरवाल्यांना आजच नाही कळवते. माझा चुलतभाऊ अमेरिकेत आहे, त्याचं काय?

धंतोली_हिशेब
पासपोर्ट भारतीय असेल तर तो बँकेमार्फत देऊ शकतो, ती विदेशी देणगी धरत नाहीत. नागरिकत्व तिकडचं घेतलं असेल तर संस्थेकडे एफसीआरए (विदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी हवी आणि पैसे तिच्या एफसीआरए खात्यातच यायला हवेत. ही नोंदणी नसेल तर त्याच्याकडून एक रुपयाही नको, संस्था अडचणीत येते.