वरच्या मजल्यावर बिटकॉइन मायनिंग, खाली व्होल्टेज डाउन. नेमकं काय तपासू?

मंडळी, मदत हवी आहे. विजेतलं मला फ्यूज बदलण्यापलीकडे काही कळत नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

आमची बारा बिऱ्हाडांची इमारत. गेल्या दोन-अडीच महिन्यांत कोपऱ्यावरच्या डीपीचा (ट्रान्सफॉर्मर आणि त्याची फ्यूजची पेटी) फ्यूज चौथ्यांदा उडाला. एरवीही दिवे पिवळट दिसतात, पंखा रेंगाळतो. संध्याकाळचं समजू शकतो, पण अपरात्री सगळी इमारत झोपलेली असतानाही तेच.

चौथ्या मजल्यावरच्या मुलाने एका खोलीत मायनिंगची, म्हणजे बिटकॉइन मिळवायला अखंड गणिती कोडी सोडवत बसणारी, पाच मशिनं लावली आहेत. लपवाछपवी काही नाही, मला स्वतः नेऊन दाखवली. प्रत्येकावर ३२५० वॉट लिहिलंय. खोलीत दोन मिनिटं उभं राहवत नाही, एवढा उकाडा आणि पंख्यांचा घोंगाट.

त्याला विचारलं तर म्हणाला, "काका, मी प्रत्येक युनिटचे पैसे भरतो. यात तुमचं काय जातं?" खरं सांगतो, मला उत्तर सुचलं नाही. नेटवर शोधलं की 'बिटकॉइन अमुक देशाएवढी वीज खातं' असलंच वाचायला मिळतं. त्यावरून माझा पंखा का रेंगाळतो ते कळत नाही.

पाच मशिनांनी एवढा फरक पडतो का, की डीपीच म्हातारी झालीय? पोरगा चांगला आहे, उगाच आळ घ्यायचा नाहीये. वीज कंपनीचा माणूस "लोड वाढलाय" म्हणून निघून गेला. त्यांच्याकडे नक्की काय मागायचं?

निवृत्त लाइनमन:

पाच मशिनं म्हणजे सव्वासोळा किलोवॉट. चोवीस तासांचे ३९० युनिट, ३० दिवसांचे ११,७००. पण युनिटांत अडकू नका. फ्यूज अँपिअरने उडतो.

डीपीवर किती घरं टाकायची हे ठरवताना सगळ्यांची सगळी उपकरणं एकदम चालू असतील असं कोणी धरत नाही. तुमचा गीझर चालू तेव्हा शेजाऱ्याचा बंद. दुपारी अर्धी घरं रिकामी. आणि रात्री लोड उतरला की ट्रान्सफॉर्मरचं तेल निवतं, हे सगळ्यात महत्त्वाचं. मायनिंगला रात्र नाही, सुट्टी नाही. सव्वासोळा किलोवॉट रात्री दोनलाही तेवढेच. आतल्या कागदी इन्सुलेशनचा ढोबळ हिशोब असा, की सर्वांत तापणाऱ्या जागी तापमान सुमारे ६ अंशांनी वाढलं की झीज दुप्पट वेगाने होते. निवायला वेळच नाही मिळाला तर बघा.

आता तुमचा पंखा. डीपीतून वीज तीन तारांनी येते, एकेक तार म्हणजे एक फेज. पाचही मशिनं एकाच फेजवर असतील (घरात सिंगल फेज मीटर असेल तर असणारच), तर २३० व्होल्टला जवळजवळ ७० अँपिअर झाले. तुम्हीही त्याच फेजवर असाल तर तुमचं व्होल्टेज पडतं.

आळ घ्यायचा नसेल तर सोपी चाचणी आहे. पहाटे तीनला मेन स्विचपाशी व्होल्टेज मोजा. मग त्यालाच सांगा, अर्धा तास पाचही बंद ठेव, आणि पुन्हा मोजा. उठलं तर निकाल लागला. नाही उठलं तर त्याला चहा पाजा. मोजायला माहीतगार माणूस घ्या, आणि डीपीचं दार कुणीही उघडायचं नाही.

दिवे क्षणभर मिचमिचत असतील तर तो दोष या मशिनांचा सहसा नसतो. यांचा लोड संथ असतो. मिचमिचणं लिफ्ट नाहीतर पंपाच्या सुरुवातीला होतं, किंवा कुठेतरी जॉइंट सैल असतो.

आकडेमोड्या:

"तुमचं काय जातं" याला उत्तर आहे. न्यूयॉर्क राज्यात प्लॅट्सबर्ग नावाचं छोटं शहर आहे. त्यांना स्वस्त जलविद्युत मिळते, पण ठरलेल्या कोट्याइतकीच, १०४ मेगावॉट. वीज स्वस्त म्हणून मायनर आले. २०१७-१८ च्या हिवाळ्यात घरोघरचे हीटर आणि मायनिंग मिळून कोटा ओलांडला. वरची वीज बाजारातून चढ्या भावाने घ्यावी लागली आणि तो बोजा सगळ्यांच्या बिलात वाटला गेला. मायनरांनी एकही युनिट चोरलं नव्हतं, पैसे भरतच होते! मार्च २०१८ मध्ये शहराने नव्या मायनिंगला १८ महिने बंदी घातली.

मोठ्या प्रमाणावरही हेच झालं. चीनने २०२१ मध्ये मायनिंग बंद केल्यावर मशिनं कझाकस्तानात गेली आणि तिथे विजेची ओढाताण सुरू झाली. इराणने त्याच वर्षी मे महिन्यात, ब्लॅकआउट होऊ लागल्यावर, चार महिन्यांची बंदी घातली. कोसोवोने जानेवारी २०२२ पासून. चोरीची गोष्ट वेगळीच. मलेशियात मिरी इथल्या पोलिसांनी चोरीच्या विजेवर चालणाऱ्या १०६९ मशिनांवरून २०२१ मध्ये रोलर फिरवला होता. तुमचा शेजारी त्यातला नाही, बिल भरतोय.

धागाकर्ता:

दोघांचेही आभार. इमारतीच्या वायरमनला बरोबर घेऊन मोजलं. पहाटे तीनला २०४ व्होल्ट. मशिनं बंद केल्यावर २२६. पोरगाही चकित झाला. म्हणाला, संध्याकाळी त्याची स्वतःची दोन मशिनं आपोआप रिस्टार्ट होतात, त्याला वाटत होतं नेटचा घोळ आहे.

आता म्हणतोय, पुढच्या महिन्यात कमी वीज खाणारी नवी मशिनं आणतो, प्रश्नच मिटेल. मिटेल का?

निवृत्त लाइनमन:

थांबा, २२ व्होल्टचा फरक फार आहे. मशिनचा पॉवर सप्लाय साध्या बल्बसारखा नसतो. व्होल्टेज पडलं की बल्ब कमी करंट घेतो, पण हा तेवढेच वॉट मिळवायला जास्त ओढतो. २०४ ला पाच मशिनं ८० अँपिअर घेत असणार. २२ गुणिले ८० म्हणजे पावणेदोन किलोवॉट डीपी आणि तुमच्या मीटरबोर्डाच्या मधल्या वाटेतच उष्णता होऊन जातायत. एका चांगल्या हीटरएवढी! सगळी केबलभर पसरली असेल तर केबल बारीक पडतेय. एका सैल जॉइंटमध्ये गोळा होत असेल तर आग लागेल. आजच्या आज मशिनं बंद ठेवायला सांगा.

कंपनीकडे लेखी मागा: तिन्ही फेजचं आणि न्यूट्रलचं (परतीच्या तारेचं) करंट टाँग टेस्टरने (तारेला चिमट्यासारखं लावून मोजायचं यंत्र) मोजून द्या, केबलचे जॉइंट तपासा, डीपीची क्षमता आणि त्यावरचा एकूण मंजूर भार (कंपनीने जोडण्यांना मान्य केलेले किलोवॉट) सांगा. आणि त्या मुलाच्या बिलावर मंजूर भार किती छापलाय ते आधी बघा.

आकडेमोड्या:

नव्या मशिनांबद्दल: दर २०१६ ब्लॉकनंतर (एक कोडं सुटलं की व्यवहारांचा एक ब्लॉक नोंदला जातो), म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, बिटकॉइनचं नेटवर्क कोड्याची काठिण्यपातळी बदलतं. सगळ्यांची मशिनं सुधारली की कोडंही अवघड होतं. म्हणून जगभरची वीज त्यामुळे वाचत नाही. तुमच्या डीपीवर मात्र वाचू शकते, पण मोकळ्या झालेल्या जागी त्याने सहावं मशीन लावलं नाही तर. ते त्याच्याकडून लिहून घ्या. (इथेरियम या दुसऱ्या आभासी चलनाने सप्टेंबर २०२२ मध्ये मायनिंगच बंद केलं आणि त्यांचा वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला. बिटकॉइनवाले तसं करतील असं मला तरी वाटत नाही.)

धागाकर्ता:

मंजूर भार ५ किलोवॉट निघाला. त्याने कधी बघितलाच नव्हता, आणि मीही माझा आजच पाहिला.

कंपनीची माणसं लेखी अर्ज दिल्यावर दोन दिवसांत आली. मीटरबोर्डाखालच्या केबल बॉक्समध्ये न्यूट्रलचा जॉइंट काळा पडला होता, इन्सुलेशन वितळलेलं. तो बदलला. त्याने वाढीव भारासाठी अर्ज केलाय, तोवर एकच मशीन चालू आहे. काल रात्री २२४ व्होल्ट होते.

एक शेवटचं. त्याला थ्री फेज मीटर मिळालं की पाचही परत लावू द्यायची का?

निवृत्त लाइनमन:

डीपीच्या क्षमतेचा कागद हातात आल्याशिवाय नाही. थ्री फेजने लोड तीन तारांत वाटला जाईल, डीपीवर तो तेवढाच राहणार.