चेखॉव्हची कथा गटात कशी मांडावी? मदत हवी आहे

रशियन लेखक चेखॉव्हची ‘द लेडी विथ द डॉग’ (१८९९) ही कथा आधी अजिबात आवडली नव्हती. याल्टा या समुद्रकाठच्या गावी अ‍ॅना आणि गुरॉव्ह या दोन विवाहितांचे संबंध जुळतात; पहिल्या जवळिकीनंतर ती अपराधी चेहऱ्याने बसलेली आणि तो सावकाश कलिंगड खातोय! चीडच आली. पुन्हा वाचताना मॉस्कोतल्या प्रसंगाशी थबकले. याल्टात भेटलेल्या बाईबद्दल गुरॉव्ह न राहवून बोलतो आणि बर्फावरच्या घसरगाडीत बसलेला ओळखीचा माणूस मागे वळून म्हणतो, जेवणातला मासा खरंच जरा खराब होता. त्याचा एकटेपणा तिथे कळला. आता कथा मनातून जात नाही.

पुढच्या आठवड्यात ती वाचनगटात घ्यायची आहे. मुलं कॉलेजची, वेळ तासभर, सगळ्यांनी इंग्रजीतून वाचलेली. बरेच जण कलिंगडापाशीच अडकलेत. लेखकाविषयी माहिती देऊन पाहिली, फरक पडला नाही. सुरुवात थेट माशाच्या प्रसंगापासून करावी, की याल्टाचा भाग आधी मोठ्याने वाचून घ्यावा?