दुखणं म्हणजे नुसता अभाव?

देव चांगला असेल तर जगात वाईट का, या चर्चेत कुणीतरी ख्रिस्ती तत्त्वज्ञ ऑगस्टीनचा मुद्दा मांडला: ‘अंधार म्हणजे प्रकाशाचा अभाव, तसं वाईट म्हणजे चांगल्याचा अभाव’. आंधळेपणापुरता तो पटतो, तिथे खरंच काहीतरी नसतं. पण दाढ दुखते तेव्हा? परवा रात्रभर गाल धरून बसलो होतो. सुखाची गैरहजेरी वगैरे काही नाही, ठणका चांगला हजर होता! अभाव काय असतो ते दाढ बधिर केल्यावर कळलं.

आणि सगळी चर्चा माणसाच्या दुष्टपणावरच का अडकलीय? पोर्तुगालमधल्या लिस्बनचा भूकंप १ नोव्हेंबर १७५५ ला, ऐन संतांच्या सणाच्या सकाळी झाला, चर्च भरलेली असताना. ‘देवाने माणसाला इच्छास्वातंत्र्य दिलं, वाईट त्यातूनच येतं’ हे उत्तर तिथे कुणाला ऐकवणार? पुढच्याच वर्षी जर्मन तत्त्वज्ञ कांटने भूकंपावर लेख लिहिले आणि कारण शोधलं ते जमिनीखालच्या पोकळ्यांत. भूगर्भशास्त्र चुकलं, पण पापाचा हिशोब मांडत बसला नाही.